आपल्या हिरवळीची पंचवीस वर्षे

स्मरणिका समितीने ‘सोसायटीच्या बागेवर काहीतरी लिहा’ असे सांगितले, तेव्हा मी आधी इतिवृत्तांची जुनी रजिस्टरे काढून बसले. पाहते तर काय, पार्किंग आणि गळती यांच्या खालोखाल सभेत सगळ्यात जास्त आवाज चढले असतील तर ते दोन्ही विंगच्या मधल्या लॉनवरून! जेमतेम तीन हजार चौरस फुटांचा तुकडा तो. त्याची बारा वर्षे व्यवस्था माझ्याकडे होती, त्यामुळे या इतिहासात माझ्या चुकाही आल्या आहेत.

हल्ली आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘लॉन्स’ असे छापले की मंगल कार्यालय समजायचे. मूळचे लॉन मात्र इंग्लंडचे. तिथल्या जमीनदारांच्या वाड्यांपुढे कापलेले गवत असे. ते मेंढ्या चरून किंवा मजूर लांब दांड्याच्या विळ्याने कापून आखूड ठेवत. पीक न घेता एवढी जमीन नुसती हिरवी ठेवणे हीच श्रीमंती होती. १८३० मध्ये एडविन बडिंग या ग्लॉस्टरशायरच्या माणसाने गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव छाटायचे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. मग साध्या घरांपुढेही लॉन आले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लेविटटाउन ही मोठी वसाहत झाली. तिथे तर घर घेणाऱ्याने गवत वेळच्या वेळी कापलेच पाहिजे, अशी अटच होती.

साहेबाबरोबर हे गवत हिंदुस्थानात आले. ताजमहालापुढे आज जी मोकळी हिरवळ दिसते, ती लॉर्ड कर्झनच्या काळातल्या दुरुस्तीनंतरची. मोगलांची बाग फळझाडांची आणि फुलांची होती. पुढे तेच चित्र बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात आले आणि तिथून आपल्या आवारात.

आता इंग्लंडात पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. पुण्यात बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. म्हणजे आठ महिने आपण पाणी घालायचे आणि चार महिने ते साचू द्यायचे नाही. आपल्या लॉनची सगळी दुखणी यातूनच आली.

ताबा मिळाला तेव्हा लॉन तयार होते. कोरियन गवताचा गालिचा, अगदी मऊशार. पहिल्याच पावसाळ्यात त्यावर घोटाभर पाणी साचले. खणून पाहिले तर चार बोटे लाल माती आणि खाली नुसता राडारोडा! विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, एक चप्पलसुद्धा निघाली. पाण्याला खाली जायला वाट नाही, मुळांना जायला जागा नाही. जुलैत शेवाळ आणि बुरशीचे तपकिरी गोल डाग, थंडीत गवत वाढायचे थांबून पिवळे, एप्रिलमध्ये वाळून कडकडीत.

एका वर्षी भर पावसाळ्यात गवताचे पट्टेच्या पट्टे सुकले. आम्ही पाणी कमी पडले म्हणून पाईप लावला! आमच्या माळीकाकांनी गवताची मूठ धरून ओढली, तर चटईसारखे हातात आले. खाली पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या. ‘हुमणी आहे ताई, मुळं खाल्लीत,’ ते म्हणाले. वळवाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी कडुनिंबावर भुंगेरे जमतात, ते पुढे मातीत अंडी घालतात, हे त्यांना गावाकडून ठाऊक होते. आम्ही ते भुंगेरे जूनमध्ये दिव्याखाली पाहिले होते, पण त्यांचा आणि गवताचा संबंध लावला नव्हता.

लव्हाळ्याशी तर आम्ही किती वर्षे लढलो! वरून कापला की आठवड्यात परत, कारण जमिनीत त्याच्या गाठी असतात आणि एकेक गाठ नवे रोप काढते. पण रजिस्टरमधली सगळ्यात गमतीची नोंद वेगळीच आहे. एका ऑगस्टमध्ये ‘लॉनमधील हरळी काढण्याची मजुरी’ असा खर्च आहे आणि पुढच्याच महिन्यात ‘गणेशोत्सव: दूर्वा, फुले’. हरळी म्हणजेच दूर्वा! पैसे देऊन उपटायची आणि पैसे देऊन मंडईतून आणायची. हिशेबतपासनिसांच्याही ते लक्षात आले नाही.

आता २०१६ चा उन्हाळा. तो लिहायचा की नाही, यावर मी बराच विचार केला. शहरात दिवसाआड पाणी होते. आपली बोअर मार्चमध्येच आटली होती आणि टँकर सुरू होते. दुष्काळामुळे एप्रिलअखेरनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवा, असा आदेश उच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. मैदानाला पाणी द्यायचे की माणसांना, असा प्रश्न घरोघरी टीव्हीपुढे चालला होता. आपण सगळे ‘बरोबर आहे’ म्हणत होतो. आणि खाली आपले लॉन हिरवे होते.

टँकरचे पाणी बाहेर जाऊ नये म्हणून बागेच्या नळाला कुलूप होते, किल्ली माझ्याकडे. एका सकाळी मी पाईप लावून घेत असताना वॉचमनची बायको दोन कळशा घेऊन आली. मी म्हणाले, ‘हे बागेचं पाणी आहे, कमिटीचा नियम आहे.’ ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, ‘काकू, गवताला रोज आणि आम्हाला दिवसाआड?’ आणि कळशा उचलून गेली.

त्या रात्री मी हिशेब मांडला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपले लॉन साधारण २८० चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले तर दिवसाला १,४०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर आठवड्यात गवतावर. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढले. वॉचमनच्या घरी जाऊन चूक झाली म्हणून सांगितले. पाईप बंद केला आणि विशेष सभा बोलावली. ती किती वादळी झाली, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. ‘फ्लॅटची किंमत उतरेल’ इथपासून सगळे ऐकून घेतले.

मे महिन्यात कोरियन गवत वाळून गेले. ते पुन्हा लावायचे नाही, असे बहुमताने ठरले. अर्ध्या जागेतला राडारोडा काढून, पोयटा आणि शेणखत घालून बकुळ आणि बाक आले. उरलेल्या अर्ध्यात पाऊस पडल्यावर हरळी आपोआप उठली. तिला कोणी लावली नव्हती; जिला आम्ही इतकी वर्षे उपटले तीच ती.

पुढच्या समितीसाठी चार गोष्टी लिहून ठेवते. उन्हाळ्यात हरळी पिवळी पडली तर घाबरू नका, ती मेलेली नसते. गवत एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. पावसाळ्याआधी टिकावाने भोके पाडून पाण्याला वाट करून द्या. आणि पावसाळ्यात गवत सुकले तर पाणी घालण्याआधी मुळे पाहा.

पूर्वी ‘गवतावर चालू नये’ ही पाटी होती, ती आता नाही. मुले तिथे खेळतात आणि मधोमध टक्कल पडते, ते पुढच्या जुलैत भरून येते. भाद्रपदात एकवीस दूर्वांच्या जुड्या आपल्याच अंगणातून निघतात. बागेच्या नळाला त्यानंतर कुलूप लागलेले नाही. ते पुढेही लागू नये, एवढीच या रौप्यमहोत्सवात माझी सर्वांना विनंती.