भूत एक, शेवट दोन

आमच्या डोंगरकड्याच्या बाजूला अंगातले भूत उतरवायचे म्हणजे एक नारळ, दोन लिंबे आणि फार तर एक काळी कोंबडी. हॉलिवूडला त्याच कामाला सुमारे 40 लाख डॉलर लागले, आणि तेही सिनेमा तयार झाल्यावर!

सिनेमा 1990 सालचा, 'द एक्झॉर्सिस्ट 3'. पहिला 1973 सालचा, तो बघून लोकांची बोबडी वळली. दुसरा 1977 सालचा, तो बघून लोक चक्क हसले. तेव्हा मूळ कादंबरीकार विल्यम पीटर ब्लॅटी स्वतःच उठले. 1983 साली त्यांनी 'लीजन' ही कादंबरी लिहिलेली होतीच, तिच्यावर स्वतःच सिनेमा काढला. त्यात इस्पितळाच्या कोठडीतला एक रोगी म्हणतो, पंधरा वर्षांपूर्वी ज्याला देहदंड झाला तो खुनी मीच. समोर बसलेला म्हातारा पोलीस अधिकारी ऐकतो आहे. बस्स, नुसते बोलणे! पण ब्रॅड डूरिफ हा नट असा काही बोलतो, की ऐकणाऱ्याने पाय खाटेवर घ्यावेत.

निर्मात्यांना मात्र प्रश्न पडला, की नावात मांत्रिक आणि सिनेमात मांत्रिकाचा पत्ता नाही. खरे तर ब्लॅटींना नाव 'लीजन'च हवे होते. ते दिले नाही ते नाहीच, वर पत्रिका वाटून झाल्यावर नवरदेव शोधायला निघाले. नवा पाद्री आणला, विजा पाडल्या, जमीन फाडली. पहिल्या सिनेमातल्या जेसन मिलरलाही बोलावून डूरिफच्या अर्ध्या भूमिकेवर बसवला.

आता आम्ही तंबूत सिनेमा बघितलेली माणसे. तिथे ऑपरेटरला घाई असली की एखादे रीळ वगळले जाई, कधी चौथे तिसऱ्याच्या आधी लागे, आणि खलनायक मेल्यावर येऊन धमकी देई. एकाच सिनेमाच्या दोन आवृत्त्यांचे आम्हांला काय कौतुक! 'शोले'चा मूळ शेवटही 1975 साली सेन्सॉरने बदलायला लावलाच होता की.

पण ब्लॅटींचा कापलेला भाग सापडेना. मूळ निगेटिव्हच गायब. शेवटी चित्रीकरणाच्या वेळच्या व्हिडिओ कॅसेटींवरून तो जोडला, आणि 2016 साली त्यांची आवृत्ती बाहेर आली. पुतण्याने ती आणली. चित्र मध्येच लखलखीत, मध्येच कुणाच्या तरी जुन्या लग्नाच्या कॅसेटीसारखे. यातला शेवट असा : पोलीस कोठडीत शिरतो आणि रोग्याला गोळी घालतो. मंत्र नाही, वीज नाही.

"संपला?" सौ.

"संपला."

"मग भूत कुठं गेलं?"

हाच प्रश्न निर्मात्यांनाही पडला असणार. मला विचाराल तर ब्लॅटींचाच शेवट खरा. त्या पाद्र्याची आतषबाजी म्हणजे गंभीर कीर्तनात बँड. पण एक कबूल केले पाहिजे. मिलरचा तो थकलेला चेहरा निर्मात्यांच्या हट्टामुळेच आला, आणि तो ब्लॅटींच्या आवृत्तीत नाही म्हणून मला चुकल्यासारखे झाले. ब्लॅटी 12 जानेवारी 2017 ला गेले. आपला सिनेमा, फाटका का होईना, लोकांपुढे आलेला त्यांच्या हयातीत झाला. सव्वीस वर्षे लागली.

दोन्ही आवृत्त्यांत सारखाच आहे तो इस्पितळातल्या लांब बोळाचा प्रसंग. नर्स दाराला कुलूप लावून वळते, आणि मागून भली मोठी कात्री घेतलेली पांढरी आकृती... पुढचे सांगत नाही. सौ.नी परवा ब्लाउज शिवायला टाकायला शिंप्याकडे मला पाठवले.