वाळ्याचं दार

हिंदीतल्या ‘टट्टी’ या शब्दाला आज चारचौघांत कुणी थारा देत नाही. पण मुळात टट्टी म्हणजे बांबूच्या काड्यांचा किंवा गवताचा आडोसा, एवढंच. या आडोशापलीकडे लोक शौचाला जात, म्हणून आधी त्या जागेला आणि मग तिथल्या कार्यालाच ते नाव चिकटलं. आपल्याकडे ‘परसाकडे’ या निरुपद्रवी शब्दाचं जे झालं, तेच इथेही. गंमत अशी, की याच शब्दाची दुसरी शाखा थेट सुगंधाकडे गेली. उत्तर हिंदुस्थानात उन्हाळ्याच्या दिवसांत घराच्या दारा-खिडक्यांना जी ‘खस की टट्टी’ लावत, तिच्यातून आत येणारी हवा ही त्या काळची सगळ्यांत शुद्ध, सगळ्यांत हवीहवीशी हवा मानली जाई. घराण्यातला एक भाऊ बदनाम झाला आणि दुसरा दरबारात बसला, तसं हे.

खस म्हणजे आपला वाळा. माठात टाकायची ती तपकिरी, केसाळ मुळांची जुडी. संस्कृतात उशीर. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात उन्हानं कासावीस झालेल्या नायिकेसाठी सखी जो लेप घेऊन निघालेली असते, तो याच उशीराचा. अंगाला लावायच्या या मुळीचा पडदा विणून तो दारात टांगायचा आणि त्यावर पाणी शिंपडायचं, ही युक्ती जयपूरसारख्या शहरात का रुजली, हे तिथल्या घरांत शिरल्याशिवाय कळत नाही.

१८ नोव्हेंबर १७२७ रोजी सवाई जयसिंहानं जयपूरचा पाया घातला. विद्याधर भट्टाचार्य यांच्या आखणीनुसार काटकोनात छेदणारे रस्ते आणि नऊ चौरसांची कल्पना असलेलं हे शहर उभं राहिलं. मुख्य रस्ता १११ फूट रुंद, त्याच्या निम्मा पुढचा, आणि असं निम्मं-निम्मं होत गल्ली १३ फुटांवर येते. अरुंद गल्लीला दोन्ही बाजूंच्या भिंती सावली देतात. दारातून आत गेलं की चौक, चौकाला लागून तीन कमानींची तिबारी, आणि तिबारीच्या मागे ‘ओबरी’. मराठी कानाला ओवरी आठवते. पण आपली ओवरी देवळाच्या आवारात उघडी, मोकळी असते, तर ही ओबरी म्हणजे घराच्या पोटातली अंधारी, एका दाराची खोली. धान्य, दागिने, बाळंतीण, म्हातारी माणसं, सगळ्यांची सोय तिथेच. दगड-चुन्याच्या जाड भिंतींमुळे ती दुपारी थंड राही, पण कोंदटही होई. तुपाचा, कपड्यांचा, तेलाच्या दिव्याचा, माणसांचा असा मिळून एक वास तिथे साचत असे. वारा घ्यावा म्हणून दार उघडावं, तर मे महिन्यात पश्चिमेकडून येणारी लू भट्टीच्या तोंडासारखी. दार उघडं ठेवायचं की बंद, हा तिथला रोजचा पेच.

या शहरात हवेसाठी सर्वांत प्रसिद्ध झालेली इमारत अर्थातच हवामहल. सवाई प्रतापसिंहाच्या काळात, १७९९ मध्ये, लालचंद उस्ताद यांनी ती रचली. पाच मजले, ९५३ झरोके, वरचे तीन मजले तर जेमतेम एका खोलीइतके खोल. आत जिने नाहीत, उतरंडी आहेत. सगळ्यांत वरच्या मजल्याचं नाव हवामंदिर, त्यावरून अख्ख्या वास्तूला नाव पडलं. बारीक छिद्रांतून वारा वेगानं शिरतो म्हणून महाल थंड राहतो, असं मार्गदर्शक मंडळी छातीठोकपणे सांगतात. त्यात तथ्य असलं, तरी या जाळ्या पहिल्यांदा पडद्यासाठी होत्या, वाऱ्यासाठी नंतर. जनानखान्यातल्या स्त्रियांनी रस्त्यावरची मिरवणूक पाहावी आणि त्या मात्र कुणाला दिसू नयेत, हा मूळ हेतू. आणि सामान्य घराला ९५३ झरोके कुठले परवडणार? तिथे एक खिडकी, एक दार आणि फार तर एक जाळी.

हवामहलापेक्षा या विषयाच्या जवळची जागा अकरा किलोमीटरवर आमेरच्या किल्ल्यात आहे. तिचं नाव सुखनिवास. तिचा बांधणारा मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे: १६६५ च्या पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजा जयसिंह. समोर आरशांचा शीशमहल झगमगत असतो, म्हणून पर्यटक सुखनिवासाकडे पाठ करून उभे राहतात. त्याच्या दारांवर हस्तिदंत आणि चंदनाचं जडावकाम, आणि दालनाच्या जमिनीतून एक उथळ पन्हळ जाते. छिद्रं पाडलेल्या संगमरवरावरून पाणी खाली सोडायचं, म्हणजे वारा त्यावरून घासत आत येतो. त्यात यंत्र म्हणावं असं काहीच नाही. वारा, पाणी आणि उतार, इतकंच.

खसाची टट्टी हे या दालनाचं गरीब भावंड नव्हे, पण सुटसुटीत भावंड नक्कीच. सुखनिवासासाठी डोंगरावर पाणी चढवावं लागे. टट्टीला एक घडा पुरे. अकबराच्या काळात खसाच्या मुळांच्या खोल्या, ‘खसखाना’, दरबारी रिवाजात आल्याचं अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवतो आणि त्याचं श्रेय अर्थातच आपल्या बादशहाला देतो. पुढे औरंगजेबाच्या आरंभीच्या काळात दिल्लीत राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निये यानंही असे खसखाने पाहिले: बागेच्या मधोमध, हौदाजवळ, म्हणजे नोकरांना बाहेरून पाणी मारायला सोपं. आमेरचं घराणं १५६२ पासून, भारमलाच्या मुलीच्या लग्नानं, मुघल दरबाराशी जोडलेलं. दरबारातले पदार्थ, पोशाख, चित्रकला आमेरला आली, तशीच ही सवयही आली असणार.

टट्टीचं काम कसं चालतं, तर पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी असं उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खातं. बाहेर ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या पडद्यातून येणारी हवा तत्त्वतः २२ अंशांच्या आसपास उतरू शकते. प्रत्यक्षात ती इतकी खाली जात नाही, पण आठ-दहा अंशांचा फरकही ओबरीतल्या माणसाला पुष्कळ. मुंबईत मात्र हीच टट्टी बांधणाऱ्याची फजिती होईल. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत सगळं जमून आलं तरी जेमतेम पाच अंश कमी होणार, वर भिंतींना ओल. म्हणून कोकणात वाळा माठात राहिला आणि विदर्भात दारावर चढला. नागपूर-अकोल्याकडे ‘वाळ्याच्या ताट्या’ हा शब्द अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. हवामानाच्या नकाशावर नागपूर मुंबईपेक्षा जयपूरच्या जवळचं.

पण गारवा तर ताग किंवा गवत भिजवूनही मिळतो. मग वाळाच का? कारण वास. वाळ्याच्या तेलातली सुगंधी द्रव्यं जड असतात. ती गुलाबासारखी भसकन उडून जात नाहीत. कोरड्या मुळीला वास बेताचाच. पाणी पडलं की ओल्या मातीची आठवण करून देणारा गंध सुटतो आणि पाणी वाळेपर्यंत मंद येत राहतो. पुन्हा शिंपडा, पुन्हा सुरू. बंद खोलीतल्या साचलेल्या वासावर अत्तर ओतलं तर दोन वासांची मारामारी होते. इथे तसं होत नाही, कारण टट्टी आधी बाहेरची हवा आत आणते आणि मग तिला वास देते. लूबरोबर येणारी धूळही ओल्या मुळांत अडकते.

आता ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यात एक माणूस नेहमी चौकटीबाहेर राहतो. तो भिश्ती. खांद्यावर चामड्याची मशक घेऊन दिवसभर टट्ट्यांवर पाणी मारणं हे त्याचं काम. टट्टी अर्ध्या तासात वाळायला लागे. आतला साहेब किंवा शेठ झोपलेला असे आणि बाहेर, थेट लूमध्ये, हा उभा. पंखा ओढणारा वेगळा. जयपूरच्या आणि एकंदर उत्तरेच्या थंड दुपारी या दोन माणसांच्या हातांवर उभ्या होत्या. इंग्रजांनी १८३० च्या सुमारास यावर एक पेटी काढली. तिला ‘थर्मांटिडोट’ असं भारदस्त नाव दिलं: लाकडी खोक्याच्या बाजूंना खसाच्या चौकटी आणि आत हातानं फिरवायचा पंखा. वारा पडला तरी गार हवा मिळू लागली, पण फिरवायला माणूस लागेच. पुढे वीज आणि छोटा पंप आला, तेव्हा कुठे भिश्ती सुटला. घरोघरचा डेझर्ट कूलर म्हणजे दुसरं काही नाही, पत्र्याच्या डब्यात घातलेली टट्टी.

जयपूरकरांनी दाराइतकाच विचार भिंतीचाही केला होता. तिथल्या ‘आराइश’ गिलाव्यासाठी चुना महिनोन् महिने पाण्यात मुरवतात, दही-गूळ घालून त्याचा कस वाढवतात, संगमरवराची पूड मिसळतात आणि ओला असतानाच अकीकाच्या दगडानं घोटून घोटून काचेसारखा करतात. अशा भिंतीवर धूळ बसत नाही, वास धरत नाही, आणि चुना मुळात तिखट अल्कधर्मी असल्यानं बुरशीलाही फारसं जमत नाही. लहान खोलीच्या कोंदट वासाचा मोठा भाग भिंतीत मुरलेला असतो, ही गोष्ट आजचे तैलरंग लावणारे विसरले आहेत. शहराच्या उत्तरेला ब्रह्मपुरीत ‘पुंडरीकजी की हवेली’ आहे. तिच्या एका खोलीतली भित्तिचित्रं आता केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. सवाई जयसिंहाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय घराण्यातले. हवेलीला नाव त्यांच्या कुळाचं. वाळ्याच्या मुलखातून आलेल्या माणसांना खसाची ओळख कुणी करून द्यायची गरज पडली नसेल.

मग धूप? उदाची, गुग्गुळाची, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी सगळ्या हिंदुस्थानात होती. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोगांमध्ये धूपाचा स्वतंत्र भोग आहे. गुग्गुळाचं झुडूप तर राजस्थान-गुजरातच्या कोरड्या टेकड्यांवरचंच. खोडाला चीर देऊन त्याचा डिंक काढतात. हावरेपणानं चिरा दिल्या की झाड वाळतं, आणि आज हे झुडूप जगातल्या अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. तरी धूप आणि टट्टी यांना एका माळेत ओवू नये. धुरानं डास पळतात, देवघर प्रसन्न वाटतं. पण खिडकी नसलेल्या खोलीत धूर कोंडला तर हवा ताजी होत नाही, फक्त तिचा वास बदलतो आणि छातीत काजळी जाते. जुनी माणसं धुरी देऊन झाली की दार उघडत. त्या दार उघडण्यातच निम्मा गुण होता.

खसाचीही गत गुग्गुळासारखी होऊ शकली असती. मुळ्या हव्यात, म्हणजे अख्खं गवत उपटावं लागतं. जयपूरहून पूर्वेला भरतपूरच्या पाणथळ जमिनीत खसाची दाट वाढ होती आणि आसपासच्या गावांतले लोक ती खणून विकत. तिथलं केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं, १९८२ मध्ये गुरचराईवर बंदी आली, १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव गेलं. पाखरांची सोय झाली आणि गावांची हक्काची मिळकत आटली. दरम्यान कूलरमधूनही खस हळूहळू हद्दपार झालं. आधी लाकडाच्या किसाच्या गाद्या आल्या, मग मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड. ते जास्त पाणी धरतात, वर्षानुवर्षं टिकतात आणि वास येतो तो साचलेल्या पाण्याचा.

तरी चैत्र संपत आला की जयपूरच्या बाजारात खसाच्या जुड्या, पंखे आणि पडदे अजून दिसतात. वैष्णव मंदिरांतल्या उन्हाळी सेवेत ठाकुरजींसाठी मोगऱ्याचे फुलबंगले सजतात आणि खसाचे पडदे टांगले जातात. गोविंददेवजींच्या मंदिरात ज्येष्ठात जलविहाराची झांकी होते. घरगुती टट्टी मात्र एका मोसमाची. पाऊस आला की ती उतरवतात. तिच्यातल्या धड राहिलेल्या मुळ्या काढून, उन्हात कडकडीत वाळवून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या पेटीत ठेवतात. पुण्या-नाशिकच्या जुन्या घरांत पैठणीच्या घडीत सापडते तीच पुरचुंडी.