पंगत आणि टेबल

इटली देशात गावोगावी जुन्या वळणाच्या खाणावळी असतात. बाप गल्ल्यावर बसतो, आई चुलीपाशी असते, मुले वाढतात. 1880 ते 1920 या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसे पोटासाठी अमेरिकेला गेली आणि त्यांतील काहींनी न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून अशाच खाणावळी थाटल्या. मुंबईतही विसाव्या शतकाच्या आरंभी मोंजिनी नावाच्या दोघा इटालियन बंधूंचे खाद्यगृह फोर्टात होते. पण ते साहेबलोकांचे. गिरणीत काम करणाऱ्या आपल्या माणसाला त्याची पायरी चढणे कुठले परवडणार? परदेशातून पोट भरायला यावे आणि इथल्याच सर्वसामान्य माणसाला खाऊपिऊ घालावे, हे काम आपल्या महाराष्ट्रात केले ते इराण्याने. त्या इराण्याच्या हॉटेलाचा इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे.

आता कोणी विचारील, हॉटेलाचा कसला आलाय इतिहास? इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या. पण माणूस कोणाच्या शेजारी बसून जेवतो आणि कोणाच्या हातचे पाणी पितो, हाही इतिहासच आहे. आपल्या देशात तर तो फार मोठा इतिहास आहे.

पुण्याचे एक उदाहरण घ्या. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानासाठी जमली होती. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. व्याख्यानानंतर चहाबिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हाती धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि पुण्यात गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. शेवटी रानड्यांसारख्या थोर न्यायाधीशालाही 1892 साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाची ही किंमत! उच्चवर्णीय पुढाऱ्यांची ही गत, मग ज्याला गावच्या पाणवठ्यावरही जागा नव्हती त्याची काय असेल, याची कल्पना करा.

याच सुमारास इराणातून माणसे मुंबई बंदरात उतरत होती. यझ्द आणि केरमान या दोन भागांतून ती येत. त्यांत बरेचसे जरथुश्त्री धर्माचे होते, काही मुसलमानही होते. गुजरातेत हजार-बाराशे वर्षांपूर्वी आलेले ते पारशी, आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत आलेले ते इराणी, असा फरक आपण करतो. ते का आले? एक कारण दारिद्र्य. 1870 ते 1872 या वर्षांत इराणात भयंकर दुष्काळ पडला होता. दुसरे कारण आपण नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या काळी इराणात जरथुश्त्री माणूस अपवित्र समजला जाई. त्याच्या ओल्या स्पर्शाने अन्न विटाळते, अशी समजूत होती. त्याने घोड्यावर बसू नये, उंची कपडे घालू नयेत, असे निर्बंध होते. शिवाय जिझिया कर होता तो वेगळाच. मुंबईच्या पारशांनी 1854 साली माणेकजी लिमजी हातरिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून इराणात पाठवले. त्यांनी अनेक वर्षे खटपट केली, तेव्हा कुठे 1882 साली शहाने तो कर उठवला. म्हणजे बघा, ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जात होता, तीच माणसे इथे येऊन दुसऱ्यांसाठी टेबले मांडून बसली.

आपल्या नगरकरांना इराणी हा शब्द परका नाही. अरणगावच्या मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते मेहेरबाबा, म्हणजे पुण्यात 1894 साली जन्मलेले मेरवान शेरियार इराणी. त्यांचे वडील यझ्दकडूनच आलेले, आणि पुण्यात त्यांनीही चहाचे दुकान चालवले होते.

तर ही माणसे मुंबईत आली तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल बेताचे होते. पण वेळ मोठी अनुकूल होती. 1854 साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांची भोंगेच भोंगे झाली. कोकणातून, घाटावरून, आपल्या नगर जिल्ह्यातूनही माणसे बायकामुलांना गावी ठेवून तिकडे गेली. दोन वेळच्या जेवणासाठी खाणावळी होत्या. तिथे महिन्याचा हिशेब असे आणि बहुधा आपापल्या गावची, जातीची माणसे एकत्र येत. पण पहाटेच्या पाळीला जाण्याआधी घोटभर गरम चहा आणि पावाचा तुकडा कोण देणार? चहाचाही तो उदयकाळ होता. 1903 साली सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. गिरणी, चहा आणि इराणी, तिघांची अशी गाठ पडली.

इराण्याने जागा पाहिली ती बहुतेक नाक्यावरची. कोपऱ्याचे दुकान आपले व्यापारी शुभ मानीत नसत म्हणून ते इराण्याला स्वस्तात मिळे, असे सांगतात. ते काही असो, नाक्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते, हा हिशेब सरळ आहे. आत संगमरवरी फळीची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीला मोठाले आरसे, बरण्यांत बिस्किटे. बनमस्का, कडक ब्रून, खारी, मावा केक, खिमा आणि दाट ‘पानी कम’ चहा. दुकानाच्या एका अंगाला साबण, ब्लेड, आगपेट्या असा किरकोळ मालही मिळे. पोऱ्या गिऱ्हाइकाचे बिल गल्ल्याकडे ओरडून सांगे. भिंतीवर सूचनांच्या पाट्या असत: केस विंचरू नका, मोठ्याने बोलू नका, फार वेळ बसू नका. या पाट्यांची लोकांनी पुष्कळ थट्टा केली आहे. पण एक गोष्ट थट्टेत निसटते. त्या सूचना सर्वांना सारख्याच होत्या!

खरे मर्म इथे आहे. पंगतीत कोणी कुठे बसायचे ते आधीच ठरलेले असते. पाट मांडला की त्याबरोबर जात मांडली जाते. टेबलाचे तसे नाही. जी खुर्ची रिकामी असेल तिच्यावर बसायचे. शेजारी गिरणीतला जॉबर आहे, की कारकून, की कोणी कष्टकरी, हे विचारायची सोय नाही आणि इराण्याला त्याची गरजही नाही. त्याने बघायचा तो एक आणा. कप धुतला की तोच कप पुढच्याला.

याचा अर्थ परदेशातून आलेला प्रत्येक माणूस जातिभेदापासून मुक्त होता, असे मात्र नव्हे. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विलायतेचे शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. ते एका पारशी वसतिगृहात उतरले. त्यांची जात कळताच पारशांचा जमाव काठ्या घेऊन आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. तेव्हा इराण्याचे हॉटेल खुले राहिले त्याचे श्रेय केवळ मनाच्या औदार्याला देता येणार नाही. अनोळखी माणसांच्या शहरात रोखीचा धंदा करणाऱ्याला जात विचारणे परवडत नाही, हेही त्याचे कारण आहे. पण कारण काहीही असो, परिणाम झाला तो झालाच.

जाणत्या पुरुषांनी हे सामर्थ्य ओळखले होते. कोल्हापुरात 1920 च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या गृहस्थांनी हॉटेल काढले. सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही देऊ लागले. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? पुढे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण घडवून आणले. ही सारी कामे मोलाची खरीच. परंतु सहभोजन हा समारंभ असतो, तो वर्षातून एखादे दिवशी होतो. नाक्यावरचे हॉटेल रोज पहाटे उघडते. पंढरीच्या काल्यात एकमेकांच्या मुखी घास घालणारे आपण, गावी परतल्यावर पुन्हा आपापल्या पंगतीत बसत होतो. रोजच्या सवयीने जे बदलते ते एका दिवसाच्या उत्साहाने बदलत नाही.

स्वातंत्र्यानंतर या सवयीच्या पाठीशी कायदा उभा राहिला. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जातीमुळे कोणालाही तिथे मज्जाव करता येणार नाही. सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली, आणि 1955 च्या कायद्याने असा मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. देशाच्या सर्वोच्च कायद्यात हॉटेलाचे नाव यावे, यावरूनच तो प्रश्न किती खोल होता हे कळते.

इराण्याच्या हॉटेलांचे पुढे काय झाले? मुंबईत धोबीतलावचे कयानी 1904 चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया 1923 चे, पुण्यात डेक्कनवरचे गुडलक 1935 चे. अशी काही नावे टिकून राहिली. पण एके काळी शेकड्यांनी असलेली ही हॉटेले आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. उडप्यांनी इडली-डोसा आणला आणि गिऱ्हाईक वाटले गेले. 18 जानेवारी 1982 पासून गिरण्यांचा मोठा संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढे गिरण्याच एकेक करून बंद झाल्या. ज्याच्यासाठी पहाटे चहा उकळायचा तो कामगारच गेला. नाक्यावरच्या जागांना सोन्याचा भाव आला. मुले शिकली, डॉक्टर-इंजिनिअर झाली, परदेशी गेली. गल्ल्यावर बसायला कोणी राहिले नाही.

धंदा मोडला याची हळहळ वाटते. पण त्या टेबलाने शिकवलेली रीत मोडली नाही, ती सर्वत्र पसरली. सावेडी हे एके काळी नगरबाहेरचे खेडे. आज मनमाड रस्त्याच्या बाजूने ते शहराला जोडले गेले आहे, आणि तिथल्या हॉटेलांत मिसळीपासून थेट इटलीच्या पिझ्झ्यापर्यंत सर्व काही मिळते. शेजारच्या टेबलावर कोणत्या जातीचा माणूस आहे, हे तिथे कोणाच्या मनातही येत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी न्यायमूर्तींना प्रायश्चित्त भोगायला लावणारा समाज इथवर आला, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र स्वतःची पाठ थोपटून घेण्याआधी प्रत्येकाने आपल्या गावाकडे पाहावे. चहाच्या टपरीवर कोणासाठी वेगळा कप ठेवला जात होता का, आणि तो केव्हा गेला? लग्नाच्या जेवणावळीत सगळी पाने एकाच रांगेत पडतात का? माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावात पहिले हॉटेल कोणी काढले, तिथे कोण जात असे, कोणाला बाहेर बसावे लागे, हे मुलांना आजोबा-आजींकडून विचारून आणायला सांगा. प्रत्येक वाडी-वस्तीवरचे आजोबा-आजी त्यात असू द्या, कारण आत बसलेल्याची आठवण आणि बाहेर उभे राहिलेल्याची आठवण एकसारखी नसते. दोन्ही वर्गात वाचून दाखवा. मग दुपारी शाळेतल्या खिचडीला सगळी मुले एका ओळीत बसतील, तेव्हा ती ओळ किती कष्टाने तयार झाली आहे, हे त्यांना पुस्तकावाचून कळेल.