विषाने दाखविलेली वाट

विष आणि औषध ही एकमेकांच्या उलट असलेली दोन टोके होत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आपल्या वैद्यांना मात्र ती कधीच पुरती मान्य नव्हती. बचनागासारखे जहर शुद्ध करून ते औषधात योजीत आले आहेत. आज आम्ही ज्या विषाची हकीकत सांगणार आहोत, त्याने याहूनही एक पाऊल पुढे टाकले. ते औषध तर झालेच, शिवाय आपल्या शरीरातील पेशींचे एक गुपितही त्याने उघड केले.

हकीकत सुरू होते ती दक्षिण जर्मनीतील व्युर्टेम्बेर्ग राज्यात. तेथे डुकराच्या आतड्यात मांस व रक्त ठासून भरून, त्याला धुरी देऊन ठेवण्याची चाल होती. यालाच सॉसेज म्हणतात. नेपोलियनच्या लढायांनी देश गरीब झालेला, स्वच्छतेची आबाळ. त्यामुळे असले मांस खाऊन माणसे मरू लागली. युस्टिनस केर्नर नावाच्या तरुण डॉक्टराने या रोग्यांची टिपणे ठेवली आणि १८२२ साली १५५ रोग्यांची हकीकत असलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. हा डॉक्टर कवीही होता. पापण्या मिटतात, तोंडाला कोरड पडते, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. पण मन अखेरपर्यंत जागे असते, असे त्याने लिहून ठेवले. एवढ्यावर न थांबता त्या विषाचे काही थेंब त्याने स्वतः चाखून पाहिले! हे विष मेंदूवर नव्हे, तर मज्जातंतूंच्या निरोपांवर घाला घालते, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि मग त्याने एक धाडसी विचार मांडला : ज्या रोगांत मज्जातंतू अतिरेकाने खवळलेले असतात, त्यांत हेच विष अगदी अल्प प्रमाणात दिले तर ते गुणकारी ठरणार नाही काय?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. १८९५ साली बेल्जियममधील एलेझेल या गावी एका अंत्यविधीस आलेले वादक खारवलेले मांस जेवले. अनेक आजारी पडले व तिघे दगावले. गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम यांनी ते मांस तपासून त्यातील जंतू शोधून काढला. जेथे हवा पोहोचत नाही तेथेच तो वाढतो, हेही त्यांनी दाखविले. लॅटिनमध्ये सॉसेजला 'बोट्युलस' म्हणतात. त्यावरून रोगाचे नाव बोट्युलिझम आणि विषाचे बोट्युलिनम. पुढे १९४९ साली लंडनच्या संशोधकांना असे आढळले की, या विषाने मज्जातंतू मरत नाही आणि स्नायूही बिघडत नाही. फक्त तंतूच्या टोकाकडून स्नायूला जाणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य बाहेर पडेनासे होते.

हे द्रव्य बाहेर तरी कसे पडते? बर्नार्ड कात्झ यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविले की, ते सुटे वाहत येत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांनी येते. सूक्ष्मदर्शकाखाली या पुड्या म्हणजे अतिसूक्ष्म थैल्या असल्याचे दिसले. एका मिलिमीटरच्या ओळीत अशा सुमारे २० हजार थैल्या मावतील! थैली पेशीच्या भिंतीला जाऊन मिळते, भिंतीशी एकजीव होते आणि आतला माल बाहेर पडतो. परंतु थैली भिंतीशी जोडली कशी जाते, हे कोडे राहिलेच.

ते कोडे अनेकांनी मिळून सोडविले. रँडी शेकमन यांनी यीस्टमध्ये या वाहतुकीस लागणारी जनुके शोधली. जेम्स रॉथमन यांनी थैली आणि भिंत यांना बांधणारी प्रथिने ओळखली. टोमास स्यूडहोफ यांनी इशारा मिळताच थैली नेमक्या क्षणी कशी उघडते, ते उलगडले. तिघांना २०१३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ही प्रथिने खरोखरच त्या कामाची आहेत, याची जबर साक्ष विषानेच दिली. १९९२ साली इटलीतील पादुआ येथे मोन्तेकुको व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि पुढच्या वर्षी जर्मन संशोधकांनी दाखविले की, बोट्युलिनमची विषे म्हणजे कात्र्या आहेत. थैली बांधणारी दोरीच त्या कापतात. मग थैली भरलेली राहते, पण उघडत नाही.

याहून नवल असे की, धनुर्वाताचे विष बोट्युलिनमच्या एका प्रकाराप्रमाणे नेमके तेच प्रथिन कापते. मग एकात शरीर लुळे पडते आणि दुसऱ्यात धनुष्यासारखे ताठते, हे कसे? फरक आहे तो जागेचा. बोट्युलिनम स्नायूजवळच काम करते. धनुर्वाताचे विष तंतूंतून वर चढून मज्जारज्जूत शिरते व स्नायूंना आवर घालणारे निरोप बंद पाडते. कात्री एकच, पण एकीने चाबूक तोडला आणि दुसरीने लगाम!

इकडे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य अ‍ॅलन स्कॉट या सर्व उलगड्यासाठी थांबले नव्हते. तिरळेपणात ओढून धरणारा स्नायू शस्त्राऐवजी सुईने सैल करावा, या हेतूने त्यांनी आधी माकडांवर प्रयोग केले व १९८० साली माणसांवरील अनुभव प्रसिद्ध केला. १९८९ साली अमेरिकेत या औषधास परवानगी मिळाली. ज्यांच्या पापण्या आपोआप घट्ट मिटतात व डोळे असून जे आंधळ्यासारखे होतात, अशा रोग्यांना त्याने दृष्टी परत दिली. वाकडी होणारी मान, पक्षाघातानंतर आखडलेला हात, जुनाट अर्धशिशी यांवरही ते आज दिले जाते. त्याचा गुण बहुधा तीन-चार महिने टिकतो. मग सुई पुन्हा द्यावी लागते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी झालेली त्याची प्रसिद्धी ही नंतरची गोष्ट.

उपयोग आधी आणि उलगडा मागून, असा हा उफराटा क्रम आहे. परंतु त्यामागे एका ग्रामीण डॉक्टराची प्रामाणिक टिपणे होती, हे आपण विसरू नये. हेही विसरू नये की, विषाचा स्वभाव बदललेला नाही. बदलली ती मात्रा, जागा आणि देणारा हात. फुगलेल्या डब्यातील अन्न आजही फेकूनच द्यावे, आणि ही सुई जाणत्या डॉक्टराच्याच हातून घ्यावी. केर्नरचा प्रश्न बरोबर होता. त्याने घातलेली 'अगदी अल्प' ही अटही तितकीच बरोबर होती.