मालमोटारींतलें बिऱ्हाड

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखावर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा उल्लेख आहे. त्याच गांवाच्या पूर्वेस वसलेल्या आनंदनगर औद्योगिक वसाहतींत मात्र इतकें जुनें कांहींच नाहीं. रसायनांचे व यंत्रसामग्रीचे कारखाने, आणि त्यांच्या फाटकांबाहेर माल चढण्याची किंवा उतरण्याची वाट पाहणाऱ्या मालमोटारी, एवढाच तेथील देखावा. तरीही इतिहासाच्या अभ्यासकानें थांबून पाहावें अशी एक वास्तु तेथें रोज उभी असते. ती चाकांवर आहे आणि देवघराएवढी अरुंद आहे. मालमोटारीच्या पुढच्या भागांतली चालकाची खोली ती हीच. दूरच्या फेरीला निघालेल्या चालकाचें व त्याच्या क्लीनरचें स्नानाखेरीज बहुतेक सर्व आयुष्य हिच्यांत जातें.

प्रवास सुखाचा व्हावा म्हणून वाहन सजविण्याची हौस आपल्याकडे नवी नव्हे. पालखी, मेणा, दमणी, शिगराम यांत गाद्या होत्या, पडदे होते, लोडहि होते. पण हें सारें उतारूसाठीं. मालाच्या गाडीवर बसणाऱ्यासाठीं कोणी कांहीं केलें नाहीं. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि घांटावरचा माल बैलगाड्यांतून कोंकणांत उतरूं लागला, तेव्हां गाडीवानाचें अंथरूण पोत्यांवर किंवा गाडीखालीं असे. एक कांबळें, आंसाला टांगलेला कंदील, बैलांपुढें कडबा, झालें त्याचें बिऱ्हाड. पुढें १८५६ सालीं कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी धावूं लागली आणि लांबच्या मालाचा मोठा भाग तिनें उचलला.

मोटारींचा काळ आला तेव्हां विचार सुरू झाला तो रस्त्यांचा. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं नेमलेल्या समितीनें दुसऱ्याच वर्षीं आपला अहवाल दिला, आणि पेट्रोलवरील जादा कराच्या उत्पन्नांतून रस्ते-निधि उभा राहिला. १९४३ सालीं नागपूर येथें भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेनें साऱ्या देशाच्या रस्त्यांची योजना आंखली. दोन्ही कामें मोलाचीं होतीं. मात्र त्या रस्त्यांवरून रात्रंदिवस जाणारा माणूस झोपणार कोठें, हा प्रश्न त्या कामांच्या कक्षेबाहेरच राहिला.

त्याचें उत्तर सुतारानें दिलें. १९५४ सालीं टाटांच्या कंपनीनें जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या साह्यानें जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्या वेळीं आणि नंतरहि अनेक वर्षें गिऱ्हाइकाच्या हातीं येई ती बव्हंशीं उघडी चेसी : चाकें, एंजिन, सुकाणूचें चक्र आणि पुढचें बॉनेट. ना छप्पर, ना दार, ना बैठक. फळीवर बसून, डोक्याला उपरणें गुंडाळून ती शेंकडों मैल हांकीत नेणारे चालक जुन्या पिढीनें रस्त्यावर पाहिले आहेत. मग गांवोगांवचा कारागीर लांकडी सांगाडा उभारी, त्यावर पत्रा ठोकी, आणि मालकाची ऐपत व चालकाचा आग्रह यांच्या मधोमध कोठेंतरी ती खोली पुरी होई.

या खोलीची सोय पाहण्याजोगी आहे. चालकाच्या पाठीमागें आडवी रुंद फळी असते. दिवसां ती बाक, रात्रीं पलंग. फळीखालच्या पेटींत पीठ, डाळ, स्टोव्ह व परात राहते. टपावरच्या कठड्यांत ताडपत्री, दोरखंड, आणि उन्हाळ्याच्या रात्रीं खुद्द क्लीनर. बाहेर टांगलेली कॅनव्हासची छागळ हें तर साधें पण अस्सल यंत्र : कापडांतून झिरपणारें पाणी वाऱ्यानें उडून जातें आणि आंतलें गार होतें; गाडी जितकी वेगांत, तितकें तें लवकर. पुढें रेक्झिनची गादी आली, बॅटरीवरचा पंखा आला, कॅसेटचें यंत्र आलें. एक वैरी मात्र हटला नाहीं, तो म्हणजे उष्मा. ज्या गाड्यांचें एंजिन अर्धें खोलींतच शिरलेलें असे, त्यांत वैशाखाच्या दुपारीं बसणें म्हणजे चुलीशेजारीं बसणें. झोप न झालेल्या माणसाच्या हातीं दहा टनांचें ओझें असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा चैनीचा प्रश्न उरत नाहीं.

कायद्याची नजर इकडे उशिरां वळली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आणि रात्रीच्या मुक्कामाच्या जागीं विश्रांतिगृहें देण्याची तरतूद केली. पण तो मुख्यतः पांच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठीं होता. आणि या धंद्यांत एक-दोन गाड्यांचे मालक फार. कित्येक ठिकाणीं मालक आणि चालक एकच. त्याचें विश्रांतिगृह ती फळीच राहिली.

२०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें पर्यटकांच्या कॅरॅव्हॅनसाठीं धोरण जाहीर केलें. शयनाची, स्वयंपाकाची, स्नानाची सोय असलेलें वाहन सुखवस्तु कुटुंबांसाठीं आतां शासनमान्य सहल ठरलें. हौसेला दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु चाकांवर संसार मांडण्याची विद्या ज्यांनीं गरजेपोटीं साधली, त्यांच्या वांट्याला सुधारणा त्यानंतर आली. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें अधिसूचना काढली कीं, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालककक्षांत वातानुकूलन असलेंच पाहिजे. त्यापूर्वीं बांधलेल्या गाड्यांना हा नियम लागू नाहीं, आणि मालमोटार दहा-पंधरा वर्षें सहज रस्त्यावर राहते. अशा गाड्यांच्या खिडक्यांना दुपारीं ओला पंचा टांगलेला असतो, आणि तो वाळला कीं क्लीनर पुन्हां भिजवून लावतो.