गरम पाण्याची परीक्षा

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या औषध कारखान्यांत ‘स्टॅबिलिटी चेंबर’ नावाचं कपाट असतं. आत ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता. गोळ्यांचे नमुने त्यात सहा महिने ठेवायचे आणि त्यांचं काय होतं ते तपासायचं. उन्हाळी हवेत माल लवकर खराब होतो, म्हणजे बिघाडही लवकर दिसतो, हा त्यामागचा हिशेब. वैद्यकाने एके काळी हाच हिशेब जिवंत माणसाला लावला होता. मल्टिपल स्क्लेरोसिसचा (एमएसचा) संशय असलेल्या माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवायचं, अंग तापू द्यायचं आणि त्याची नजर, हात, पाय कसे ढळतात ते बघायचं. या परीक्षेचं नावच होतं ‘हॉट बाथ टेस्ट’.

मरीमाता चौराह्यावरून बाणगंगेकडे वळून पुढे गेलं की सांवेर रोडची औद्योगिक वसाहत लागते. नमकीन, प्लास्टिक, यंत्रांचे सुटे भाग, औषधं. बहुतेक काम पत्र्याच्या शेडींत. माझी मावसबहीण इथल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. तिला एमएस आहे. होळी उलटली की दुपारी तिचा डावा पाय ओढला जातो, डोळ्यांपुढे धुरकट येतं. संध्याकाळी अंग निवलं की पाय पुन्हा ताब्यात येतो. घरच्यांनी याला आधी अशक्तपणा म्हटलं, मग आळस म्हटलं, आणि सकाळी नीट चालणारी मुलगी दुपारी भिंत धरते हे पाहून कुणी तरी नाटकही म्हटलं. त्या ‘नाटका’ची वैद्यकात नोंद होऊन १३० वर्षं उलटून गेली आहेत.

आजार काय आहे ते आधी थोडक्यात सांगतो. मेंदू, पाठीचा कणा आणि डोळ्यांच्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती जागोजागी त्या आवरणावर हल्ला करते. जिथे हल्ला होतो तिथे आधी सूज येते आणि नंतर कडक व्रण राहतो. व्रण डोळ्याच्या तंतूवर असेल तर नजर मंदावते, कण्यात असेल तर पाय किंवा लघवीवरचा ताबा जातो. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जां-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये तो स्वतंत्र आजार म्हणून नीट मांडला. भारतात तो फारसा नसतो असा समज बराच काळ होता. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की इथल्या पारशी समाजात तो चांगलाच आढळतो. पुढे एमआरआय यंत्रं गावोगाव पोचली आणि इतरांतही निदानं होऊ लागली. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया त्याआधीच, १९८५ मध्ये, मुंबईत सुरू झाली होती.

उष्णतेची गोष्ट मात्र १८९० मध्ये सुरू होते. विल्हेल्म ऊटहोफ हा जर्मन नेत्रवैद्य. त्याने एमएसच्या १०० रुग्णांचे डोळे तपासले आणि त्यांच्या दृष्टीदोषांवर मोठा निबंध लिहिला. त्या शंभरांत चार जण वेगळे होते. बसल्या जागी त्यांची नजर एका पातळीवर असे. चालून, श्रम करून दमले की ती एकदम खाली जाई, आणि विश्रांती घेतली की परत वर येई. शंभरांतल्या चारांना दुसऱ्या कुणी किरकोळ म्हणून सोडून दिलं असतं. ऊटहोफने त्यांची नोंद वेगळी ठेवली, हे त्याचं मोठेपण.

पण कारण त्याने चुकीचं लावलं. नजर मंदावते ती श्रमामुळे, असं त्याने लिहिलं. ते त्या वेळी साहजिकच होतं, कारण रुग्ण चालला होता आणि चालल्यावरच त्याची नजर गेली होती. चालताना अंगही तापतं, हा धागा सुटला. या एका सुटलेल्या धाग्याची किंमत रुग्णांच्या अनेक पिढ्यांनी मोजली असं मी म्हणेन. श्रमाने बिघडतं, तर श्रम नकोत. पडून राहा, जिने चढू नका, जपा. विसाव्या शतकाचा बराचसा काळ एमएसच्या रुग्णाला हाच सल्ला मिळत राहिला. न वापरलेले स्नायू झिजतात, पाय आणखी दुबळे होतात, आणि तो दुबळेपणा आजाराच्या नावावर जमा होतो.

धागा पुन्हा हाती यायला साठेक वर्षं गेली. गथ्री नावाच्या डॉक्टरने १९५१ मध्ये श्रम बाजूला ठेवले आणि रुग्णांच्या भोवतीचं तापमानच बदलून पाहिलं. रुग्ण स्वस्थ बसलेला, तरी उष्णतेने नजर उतरली, हातपाय ढिले पडले. गारव्याने ते सावरले. श्रमाचा आळ तिथे फिटला. पुढे १९६१ मध्ये या प्रकाराला ‘ऊटहोफ फेनॉमेनन’ हे नाव मिळालं. ज्याने कारण चुकीचं सांगितलं त्याचंच नाव राहिलं, आणि मला ते योग्य वाटतं. पाहिलं त्यानेच होतं.

गथ्रीच्या शोधातून रुग्णांची सुटका व्हायला हवी होती. आधी झाली ती परीक्षा. एमएसचं निदान तेव्हा फार अवघड होतं. मेंदूतले व्रण जिवंतपणी दिसत नसत. डॉक्टरच्या हाती लक्षणांचा इतिहास, हातोडी आणि पाठीतून काढलेलं पाणी, एवढंच. उष्णतेने लपलेलं लक्षण वर येतं म्हटल्यावर रुग्णाला गरम पाण्यात बसवणं ओघानेच आलं. अनेक वर्षं ही परीक्षा होत राहिली. १९८१ मध्येही मल्होत्रा आणि गोरेन यांनी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला. त्याच वर्षी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या इयन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआयवर एमएसचे व्रण दिसतात हे छापून दाखवलं. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, बर्गर आणि शेरेमाटा यांनी त्याच अमेरिकी नियतकालिकात सावधगिरीची नोंद केली: गरम पाण्यातून बाहेर काढल्यावरही काहींची लक्षणं गेली नाहीत, ती मागे राहिली. चित्रात व्रण दिसत असताना माणसाला पाण्यात तापवण्याचं कारणच उरलं नव्हतं. परीक्षा मागे पडली.

आत नेमकं काय होतं, ते मला कळलं तेव्हा बहिणीच्या दुपारी मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजल्या. मायलिन तंतूवर सलग नसतं. मध्ये मध्ये उघड्या जागा असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रान्व्हिए यांनी त्या १८७०च्या दशकात दाखवल्या. संदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उडी मारत जातो. दर ठिकाणी सोडियमची सूक्ष्म दारं क्षणभर उघडतात, विद्युतभार आत येतो आणि पुढची जागा जागी होते. निरोगी तंतूत हा भार गरजेपेक्षा पाच ते सात पट असतो, म्हणून आपल्याला उन्हाची फिकीर नसते. मायलिन गेलेल्या ठिकाणी भार गळतो आणि ती शिल्लक जवळजवळ संपते. संदेश कसाबसा पार होतो. त्यात अंग तापलं की सोडियमची दारं उघडल्यावर लवकर मिटतात, भार आणखी कमी येतो आणि संदेश तिथेच विझतो. मायकेल रॅस्मिन्स्की यांनी १९७३ मध्ये उंदरांच्या मायलिन गेलेल्या एकेका तंतूवर तापमानाचा हा परिणाम मोजला. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी काहींना ते पुरतं. अंग निवलं की दारं पुन्हा पुरेसा वेळ उघडी राहतात आणि पाय परत येतो. दर दुपारी नवा व्रण पडत नाही. ज्या घरात एमएस आहे त्या घराला हे कुणी तरी बसून, सावकाश, पुन्हा पुन्हा सांगायला हवं. दर दुपारी आजार वाढतोय ही भीती आजाराइतकीच थकवते.

खरा झटका कसा ओळखायचा, तेही यातूनच ठरतं. नवं लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसेल, तर तो झटका समजून तातडीने न्यूरोलॉजिस्टकडे जायचं. ताप असेल तर आधी त्याचं मूळ शोधायचं. एमएसमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग वरचेवर होतो; त्याचा ताप चढला की जुनीच लक्षणं वर येतात आणि घरात एकच घबराट होते. इथे सांवेर रोडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पॅकिंगच्या पाळीत शौचालय लांब असेल तर बायका पाणी पिणंच टाळतात. एमएसच्या बाईला लघवी रोखणं आधीच अवघड, म्हणून ती आणखी टाळते. मग उन्हाळ्यात संसर्ग, संसर्गाने ताप, आणि तापाने पाय जातो. औषधाच्या दुकानात या साखळीवर उपाय नाही. तो शेडमध्ये आहे.

आपल्या मराठी घरांत आणखी एक अडचण असते, गरम पाण्यावरच्या विश्वासाची. पाय दुखतात? शेक घे. अंग जड झालं? कढत पाण्याने आंघोळ कर. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणं लावून ऊन ऊन पाण्याचं अभ्यंगस्नान. इंदुरातल्या जुन्या मराठी वाड्यांत बंब गेले आणि गीझर आले, विश्वास तसाच राहिला. बहिणीला दिवाळीच्या दिवशी न्हाणीघरातून धरून आणावं लागलं होतं. डॉक्टरांनी जी परीक्षा सोडून दिली, ती आम्ही सणाच्या दिवशी प्रेमाने घेतली होती. आता ती अभ्यंग कोमट पाण्याने करते. सण त्याने उणा होत नाही.

गारव्याचं वैद्यकही मागोमाग आलं. लढाऊ वैमानिक आणि पुढे चांद्रवीर यांच्यासाठी १९६०च्या दशकात थंड पाणी खेळवणाऱ्या नळ्यांचे अंगरखे तयार झाले. तेच तंत्र नासाच्या सहकार्याने एमएसच्या ८४ रुग्णांवर तपासलं गेलं आणि निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले: चालणं आणि नजर यांत थोडी सुधारणा, थकव्यात रुग्णांना जाणवेल अशी घट. सुधारणा थोडीच आहे, पण ज्याला संडासापर्यंत जायचं आहे त्याच्यासाठी ‘थोडी’ पुरते. तो अंगरखा महाग. माळव्यात मात्र एप्रिल-मेची हवा कोरडी, त्यामुळे ओल्या कापडाचं पाणी झरझर उडतं आणि अंग गार होतं. एमएसमध्ये काहींना घामही नीट येत नाही. तेव्हा मानेभोवतीचा ओला पंचा घामाचं काम करतो. कूलर, वाळ्याच्या ताट्या, माठाचं पाणी, सगळं याच नियमावर चालतं. जुलैत हवा दमट झाली की हा नियम लंगडा पडतो आणि पंचा नुसता ओला राहतो. तेव्हा बर्फाची पिशवी किंवा एसी, दुसरा मार्ग नाही. उन्हाळ्यातल्या रात्रीच्या गारव्यासाठी ‘शब-ए-मालवा’ची ख्याती आहे, पण सिमेंटच्या वस्त्यांत ती रात्र आता उशिरा निवते.

व्यायामाचा आळही शेवटी फिटला. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पेटाजान आणि सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये छापला. ज्यांनी पंधरा आठवडे नियमित व्यायाम केला त्यांची ताकद आणि दम वाढला, मनालाही उभारी आली. आता डॉक्टर व्यायाम कर म्हणूनच सांगतात. फक्त पहाटे, पंख्याखाली, आधी अंग गार करून. २०१० मध्ये अमेरिकेत चालण्यासाठी एक गोळीही मंजूर झाली. तिचं मूळ द्रव्य, ४-अमिनोपायरिडिन, पाखरं हाकलण्याचं विष म्हणून वापरात होतं. ते पोटॅशियमची दारं रोखतं, त्यामुळे संदेश थोडा जास्त वेळ टिकतो, म्हणजे उष्णता करते त्याच्या नेमकं उलट. ती सगळ्यांना लागू पडत नाही, मात्रा वाढली तर फेफरं येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांशिवाय घ्यायची नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्रपणे आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं असंही तो कायदा सांगतो. एमएसच्या कामगाराला पहिली पाळी देणं, त्याची जागा पत्र्याखालून हलवून कूलरसमोर करणं, शौचालय जवळ असणं, हे सगळं त्या धोरणात लिहिता येतं. सांवेर रोडच्या मालकांना ते परवडणारं आहे. अडतं ते अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापाशी. तपासणी होते सकाळी, पंख्याखाली, रुग्ण बसून ताजातवाना झाल्यावर, आणि थंडीत तारीख मिळाली तर बहीण खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत जाते. कागदावर तिचं अपंगत्व तेवढंच उतरतं. त्यामुळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी मे महिन्यातल्या दुपारी तीनला ती किती चालते हे विचारावं, घरच्यांनी त्या वेळचा व्हिडिओ काढून सोबत न्यावा, आणि ऊटहोफने चार जणांची वेगळी नोंद ठेवली तशी ती नोंद फाइलमध्ये लागावी.