सकळ लिपी ते डीएनए : दडवलेल्या अक्षरांचा इतिहास

१/५
चक्रधरस्वामींच्या तेराव्या शतकातील भ्रमंतीत बुलढाणा जिल्ह्यातील लोणार आणि मेहकरही आहेत. त्या आठवणी म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त नोंदल्या गेल्या.

२/५
पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. सकळ लिपीचे तत्त्व साधे : प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह. कोष्टक ठाऊक नसणाऱ्यास पोथी निरर्थक!

३/५
१९९९ मध्ये न्यूयॉर्कमधील क्लेलँड, रिस्का व बँक्रॉफ्ट यांनी हेच तत्त्व डीएनएवर योजले. ए, सी, जी, टी यांपैकी तिघांचा गट म्हणजे एक अक्षर. असे ६४ गट होतात. नॉर्मंडीवरील चढाईचा संदेश त्यांनी मानवी डीएनएच्या असंख्य तुकड्यांत मिसळून कागदावरच्या ठिपक्यात दडवला.

४/५
येथे किल्ल्या दोन. तुकड्याच्या दोन्ही टोकांचे क्रम ठाऊक असतील, तरच पीसीआरने तो वेगळा काढता येई. मग अर्थ लावण्यास कोष्टक हवे.

५/५
महानुभावांची किल्ली पंथातच राहिली. परिणामी राजवाडे, भावे प्रभृतींनी विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडा करेपर्यंत मराठीचे आद्य गद्य बहुतेक मराठी वाचकांना अपरिचित होते. डीएनए हजारो वर्षे टिकू शकतो; पण किल्ली हरवली, तर टिकलेला मजकूरही मुकाच.